उणे सात

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती मोती. अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं, म्हणून खालच्या वर्गात असताना बाईंनी कौतुकानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिच्या दादाला या नावाचा वेगळाच आनंद होता. "मोती हे कुत्र्याचं नाव असतं," असं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि तिला जेवायला बोलवायचं झालं की शीळ घालायचा. मोती चिडायची. पण फळ्यावर सुविचार लिहायला, स्वागताच्या पाट्या रंगवायला सगळी शाळा तिलाच शोधत यायची, आणि असं अक्षर आसपास दुसऱ्या कुणाचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. अक्षराप्रमाणेच ती अभ्यासातही पुढे होती. हुशार असण्यात वाईट काही नाही. आपण हुशार आहोत हे घडोघडी आठवत राहणं वाईट, आणि हे तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्यांच्या मुलीला, म्हणजे ताईला, लहानपणीच्या एका आजारापासून दिसत नव्हतं. ताई शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती, आणि तिचा पेपर लिहायला कुणीतरी हवं होतं.

"हिनं सांगायचं, आणि लिहिणाऱ्यानं लिहायचं," काकू मोतीच्या आईला सांगत होत्या. "पण लिहिणारं मूल खालच्या इयत्तेतलं पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे त्याला अक्षर यावं आणि उत्तर येऊ नये."

"मग हिलाच घेऊन जा," दादा आतून ओरडला. "उत्तर न येण्यात हिचा हात कुणी धरणार नाही!"

मोतीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तेव्हाच चप्पल घालून तयार होती.

ताईनं गणित घेतलं होतं, आणि त्यावरून घरीदारी बराच वाद झाला होता. न दिसणाऱ्या मुलीनं गणित सोडून गाणं घ्यावं, असं शाळेनं सुचवलं, नातेवाइकांनी सुचवलं, समोरच्या डॉक्टरांनीही सुचवलं. ताईचं उत्तर ठरलेलं होतं. "गणित घेतलं तर फार तर मी नापास होईन. गाणं घेतलं तर अख्खी इमारत रिकामी होईल." खरं कारण वेगळं होतं. दूरच्या एका गावात न दिसणाऱ्या मुलांना कॉम्प्युटरवरचं काम शिकवणारी एक संस्था होती. तिथली यंत्रं बोलायची, पण तिथलं दार उघडायचं ते गणितातल्या गुणांवर. ताईला तिथं जायचं होतं. दुसरं काहीही तिला नको होतं.

तयारी काकूंच्या खोलीत व्हायची. एका भिंतीशी शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीशी कपड्यांचे गठ्ठे आणि मधल्या चटईवर या दोघी. ताईची भूमिती कापडावर होती. काकूंनी जाड दोऱ्यानं चिंध्यांवर त्रिकोण, वर्तुळं, स्पर्शिका शिवून दिल्या होत्या, आणि ताई त्यांवरून बोटं फिरवून कोन ओळखायची. "ही स्पर्शिका उसवत आलीय गं आई," असं ती म्हणाली की काकू दोन टाके घालून द्यायच्या. समीकरणं मात्र ती डोक्यातच सोडवायची, मान थोडी तिरपी करून, कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ती ऐकायची आहे, अशी.

पहिल्याच दिवशी तिनं मोतीला परीक्षा कशी द्यायची ते शिकवलं.

"आधी अख्खा पेपर वाचून दाखवायचा, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मी मध्ये बोलले तरी थांबायचं नाही. मग मी सांगेन कोणता प्रश्न आधी. येतो तो आधी, अडतो तो नंतर. अडलं तर मी पाणी पिईन, तू पेन खाली ठेवायचं आणि हात झटकून घ्यायचा. लिहिलेलं उत्तर, चूक कुठे आहे ते सापडल्याशिवाय बदलायचं नाही. भीती वाटली म्हणून तर मुळीच नाही. प्रत्येक प्रश्न झाला की मला वाचून दाखवायचा. कळलं?"

"कळलं."

"आणि सगळ्यांत महत्त्वाचं. मी बोलेन तेच लिहायचं. मी चुकले तर चूक लिहायची. मी 'गाढव' म्हटलं तर गाढव लिहायचं."

"आणि मला उद्देशून म्हटलंस तर?"

"तरी लिही. सुंदर अक्षरात लिही."

मशीनमागून काकू हसल्या. मोतीही हसली. तो नियम तिनं ऐकला, पण तो कशासाठी आहे हे तिला कळलं नाही. कळायची संधी रोज येत होती. दुकानात गेलं की दुकानदार ताईला सोडून मोतीला विचारायचा, "हिला काय पाहिजे?" त्यावर ताई म्हणायची, "हिला कान असलेला दुकानदार पाहिजे." ताईनं "मला एक" एवढं म्हणेपर्यंत कुणीतरी "पाणी हवंय का?", "खुर्ची देऊ का?" असं म्हणून तिचं बोलणं संपवून टाकायचं. मोतीला त्या माणसांची गंमत वाटायची. आपणही तशाच होऊ शकतो, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

सरावात एकदा बागेचं गणित आलं. बागेची लांबी रुंदीपेक्षा थोडी जास्त, क्षेत्रफळ दिलेलं, आणि रुंदी काढायची. ताईनं समीकरण मांडायला सांगितलं, सोडवलं आणि म्हणाली, "क्ष बरोबर सहा किंवा उणे नऊ."

"उणे नऊ?" मोतीनं विचारलं. असली समीकरणं तिच्या इयत्तेत नव्हतीच.

"समीकरण दोन्ही उत्तरं देतं. पण इथं क्ष म्हणजे बागेची रुंदी आहे. उणे नऊ मीटर रुंद बाग कशी असेल?"

"शेजाऱ्याच्या घरात शिरलेली!"

ताई पोट धरून हसली. "बरोबर. म्हणून लिही, रुंदी उणे असू शकत नाही, म्हणून उणे नऊ ही किंमत सोडून दिली."

मोतीनं लिहिलं. पुढे असली आणखी गणितं आली. कुठे खोलीची लांबी, कुठे मुलाचं वय, कुठे गाडीचा वेग. दर वेळी दोन उत्तरं यायची आणि दर वेळी उणे उत्तर हाकलून दिलं जायचं. मोतीच्या डोक्यात नियम पक्का बसला. उणे येईल ते सोडून द्यायचं. एवढं सोपं तर आहे वरच्या वर्गाचं गणित, असं तिला वाटलं, आणि मनातल्या मनात ती एक इयत्ता वर चढून बसली.

गणिताचे दोन पेपर होते. पहिला बीजगणिताचा. ताईला वेगळी खोली दिली होती. एरवी तिथं मोडके बाक आणि जुने नकाशे ठेवत. एका बाकावर या दोघी, आणि दाराशी खुर्चीत एक पर्यवेक्षक बाई. मोतीनं अख्खा पेपर वाचून दाखवला. ताईनं क्रम ठरवला आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलली ती त्या दिवशी! कुठे अडणं नाही, कुठे 'अं' नाही. मोतीचं पेन तिच्या मागे धावत होतं.

एका शेताचं गणित आलं. उणे उत्तर आलं, आणि ताईनं ते सोडून द्यायला सांगितलं. मग पुढचा प्रश्न होता, 'पुढील समीकरणे सोडवा.' शेत नाही, बाग नाही, वय नाही. नुसती समीकरणं.

"क्ष वर्ग वजा एकोणपन्नास बरोबर शून्य," मोतीनं वाचलं.

ताईनं पायऱ्या सांगितल्या आणि शेवटी म्हणाली, "म्हणून क्ष बरोबर सात किंवा उणे सात. पुढचं वाच."

मोती थांबली. ताई उणे सात सोडून द्यायला विसरली! बोलायची तर सोय नव्हती, पर्यवेक्षक बाई ऐकत होत्या. मोतीनं ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. दमली असेल बिचारी. केवढं सगळं डोक्यात धरून ठेवायचं, एखादी गोष्ट निसटायचीच. मोतीच्या मनात माया दाटून आली. या मायेत थोडा तोराही होता, पण तो तिला तेव्हा दिसला नाही. तिनं खाली एक ओळ लिहिली, सुंदर अक्षरात: 'क्षची किंमत उणे असू शकत नाही, म्हणून क्ष = ७.'

"पुढचं वाच की," ताई म्हणाली.

त्या प्रश्नातल्या बाकीच्या समीकरणांतही ताई 'विसरली' आणि मोतीनं तिची 'आठवण' ठेवली.

प्रश्न संपला तेव्हा ताई म्हणाली, "वाचून दाखव."

मोतीनं पानाकडे पाहिलं. आपली ओळ वाचली तर ताई रागावणार, आणि तेही बाईंसमोर. मोतीनं वाचायला सुरुवात केली. 'क्ष बरोबर सात किंवा उणे सात' इथपर्यंत वाचलं आणि तिची नजर स्वतःच्या ओळीवरून उडी मारून पुढे गेली. बाकीच्या समीकरणांतही तसंच. ताई ऐकत होती, मान तिरपी करून. "छान," ती म्हणाली. "पुढे."

पेपर सुटला. ताई मोतीच्या दंडाला धरून चालत होती आणि आनंदानं नुसती फुलून आली होती.

"तो समीकरणांचा प्रश्न पाहिलास? मुद्दाम शेताच्या पाठोपाठ ठेवलाय. काय डोकं असतं बघ पेपर काढणाऱ्याचं!"

"म्हणजे?"

"अगं, शेताला रुंदी असते, ती उणे नसते, म्हणून तिथं सोडून द्यायचं. पण नुसता क्ष म्हणजे नुसती संख्या. तिला उणे व्हायला कुणाची बंदी आहे? उणे सातचा वर्गही एकोणपन्नासच होतो. तिथं दोन्ही उत्तरं ठेवायची. निम्मी मुलं सवयीनं उणे उत्तर खोडतील आणि गुण घालवून बसतील. उंटावरचे शहाणे!"

मोतीच्या पायाखालची वाट सरकली. ताईच्या बोटांना दंडातला थरकाप जाणवला असावा. "थंडी वाजतेय का गं तुला?" तिनं विचारलं.

"नाही," मोती म्हणाली. "हात दुखतोय. लिहून लिहून."

"केवढं लिहिलंस आज माझ्यासाठी," ताई म्हणाली, आणि दंडावरचा हात सैल करून तिनं तो हळूच चोळला.

पुढचे दिवस मोतीला मेल्याहून मेल्यासारखे गेले. जेवताना घास तोंडात फिरायचा. दादानं शीळ घातली तरी ती चिडेना. "आई, मोतीनं शेपूट घातलंय बघ," तो म्हणाला, आणि खरोखर तिचं तसंच झालं होतं. चूक झाली, याची लाज होती. चुका तिच्या आधीही झाल्या होत्या, त्या सांगून टाकता यायच्या. ही सांगता येईना, कारण चुकीच्या मागे ते वाचून दाखवणं उभं होतं. न पाहू शकणाऱ्या माणसाला आपण लिहिलेलं सोडून भलतंच वाचून दाखवलं. चुकून तसं होत नाही. रात्री अंथरुणात ती स्वतःचाच आवाज ऐकायची, 'सात किंवा उणे सात', स्वच्छ, खणखणीत, खोटा.

त्यात काकूंनी तिच्यासाठी झगा शिवायला घेतला.

"हात वर कर," त्या टेप लावत म्हणाल्या. "हिच्या तोंडचं अक्षर न् अक्षर तू कागदावर उतरवलंस म्हणे. मला तर वाचतासुद्धा आलं नसतं तसलं. सरळ उभी राहा गं, अशी वाकतेस काय? खांदे बघ केवढे पाडलेस. माप चुकेल ना!"

ताई चटईवर बसून चिंधीवरचं वर्तुळ चाचपत होती. "जरा सैलच शिव आई. दिवसेंदिवस तिची अक्कल वाढतेय."

काकू हसल्या. मोतीनं हात वर धरले होते, आणि टेप छातीभोवती आवळत गेली. आता सांगावं, आत्ताच, असं तिला वाटलं. तिनं तोंडही उघडलं. पण जीभ रेटेना. "काखेत टोचतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या पेपराच्या सकाळी तिनं पोट दुखत असल्याचं सांगून पाहिलं. आईनं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाली, "तू गेली नाहीस तर तिचा पेपर कोण लिहिणार? नाव तुझं दिलंय." मोती उठली. आपण आता दुसऱ्यांदा ताईला फसवायला निघालो होतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

रस्त्यात ताई प्रमेयं पुटपुटत होती. शाळेच्या अलीकडे एक बंद पडलेलं छपाईचं दुकान होतं. त्याच्या पायरीशी मोती थांबली.

"ताई, त्या समीकरणांत मी उणे उत्तरं खोडली."

"कुठल्या?"

"परवाच्या पेपरात. क्षची किंमत उणे असू शकत नाही, असं मी खाली लिहिलं. सगळ्यांत. मला वाटलं तू विसरलीस."

ताईनं मान तिरपी केली. मग म्हणाली, "पण तू मला वाचून दाखवलंस."

"ते मी..." मोतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझी ओळ मी वाचली नाही."

ताईनं तिच्या दंडावरचा हात काढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मोतीला बरं वाटलं असतं. तो चेहरा नुसता बंद झाला, दार लोटून घ्यावं तसा.

"दुकानदार माझं वाक्य पुरं करतो," ती हळू आवाजात म्हणाली. "बसमधली माणसं करतात. मामा करतो. आईसुद्धा करते कधीकधी. एका माणसापुढे मी माझी वाक्यं स्वतः संपवत होते, मोती. मला वाटत होतं, संपवतेय."

"मी आत जाऊन सांगते त्यांना. मोठ्या बाईंना सांगते."

"काय सांगशील? लिहिणारीनं स्वतःच्या डोक्यानं लिहिलं म्हणून? माझा अख्खा पेपर रद्द करतील. सांगून स्वतः मोकळी होऊ बघतेस?"

मोतीला खरोखरच मोकळं व्हायचं होतं.

"ते गुण गेले," ताई म्हणाली. ती मान तिरपी करून हिशेब करत होती. "आता या पेपरात एकही घालवून चालणार नाही. चल. दुसरं कुणी मिळायचं नाही आता. आणि डोळे पूस, कागदावर थेंब पडतील."

त्या पेपराला ताई दगडासारखी बसली होती. प्रत्येक ओळीनंतर म्हणायची, "वाच." मोती वाचायची. "परत वाच." मोती परत वाचायची. दाराशी बसलेल्या पर्यवेक्षक बाईंनी कंटाळून जांभई दिली. एकेका ओळीवरचा तो अविश्वास मोती निमूट गिळत होती. तो तिनं कमावलेला होता.

या परत परत वाचण्यात वेळ जात होता, आणि ताईलाही ते जाणवत होतं. तिचं बोलणं भराभर होऊ लागलं. शेवटाकडे एका वर्तुळाकार तळ्याचं क्षेत्रफळ काढायचं होतं. "व्यास अठ्ठावीस मीटर," मोतीनं वाचलं.

"क्षेत्रफळ बरोबर पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग," ताई म्हणाली. "त्रिज्या अठ्ठावीस..."

मोतीचं पेन हवेत थांबलं. व्यास अठ्ठावीस म्हणजे त्रिज्या चौदा. वर्तुळ तिच्या इयत्तेत होतं, आणि या वेळी तिला खरोखर येत होतं. ताई चुकली होती. आज सकाळी ऐकलेल्या गोष्टीनं तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून चुकली होती. एक शब्द बदलला असता तर गुण वाचले असते, आणि कुणालाही कळलं नसतं.

तिनं लिहिलं, 'त्रिज्या = २८.' एवढं वेडंवाकडं अक्षर तिनं कधी काढलं नव्हतं.

"वाच."

आता तिला वाचायचं होतं. 'अठ्ठावीस'वर आवाज जरासा रेंगाळला असता तर ताई सावध झाली असती. मोतीनं आधीचे सगळे आकडे ज्या आवाजात वाचले होते, त्याच आवाजात हाही वाचला.

"परत वाच."

तिनं परत तसंच वाचलं. ताईचे ओठ हलले. तिला काहीतरी टोचत असावं. तेवढ्यात पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "आवरा आता." ताईनं मान हलवली. "पुढचा घे."

बाहेर आल्यावर छपाईच्या दुकानाच्या पायरीवर ताई बसली. तिनंच विचारलं, "तळ्यात मी काहीतरी केलं. काय?"

"व्यास अठ्ठावीस होता. तू त्रिज्या म्हणालीस."

ताईनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आणि तू तसंच लिहिलंस?"

"तसंच."

"तुला येत होतं?"

"हो."

"हं." तिनं श्वास सोडला. "मग हे तळं माझं. माझी चूक आहे, ती मी सांभाळीन. ती समीकरणं तुझी. आईला मी त्याबद्दल एक अक्षर सांगणार नाही."

मोतीला क्षणभर हायसं वाटलं.

"तुला वाचवायला नाही हं," ताई म्हणाली. "ते वाक्य तुझं आहे. मी दुसऱ्यांची वाक्यं पुरी करत नाही."

आणि मोतीनंही ते पुरं केलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता झगा शिवून झाला. तो घालून काकूंसमोर गोल फिरून दाखवावं लागलं. काकू भेटेल त्याला सांगत सुटल्या, "हिच्यामुळे झाला बरं का पेपर." मोती जिन्यावरून जाताना त्यांच्या दाराशी चप्पल न वाजवता जायला शिकली. ताई तिच्याशी बोलायची, टाकून नव्हे, पण ती एक शब्दही जास्तीचा बोलायची नाही.

निकाल लागला त्या दिवशी काकूंचा आवाज वरपर्यंत आला. मोती धावत खाली गेली. गणितात ताईला चांगले गुण होते. ज्यांनी तिला गाणं घ्यायला सांगितलं होतं, त्यांच्या मुलांपेक्षा जास्त. पण त्या संस्थेला हवे होते त्याहून ते थोडे कमी पडले होते. थोडेच. त्या समीकरणांएवढे आणि त्या तळ्याएवढे.

"तपासणारे मेले झोपले असतील!" काकू संतापानं थरथरत होत्या. "डोळे असून आंधळे!"

"आई, तो शब्द माझा आहे. भलत्याला देऊ नकोस."

"तू गप्प बस. मी आत्ता जाते त्यांच्या कचेरीत. चांगली झाडते एकेकाला. पोरीनं एवढं सांगितलं, पोरीनं एवढं लिहिलं," त्यांनी दारातल्या मोतीकडे बोट दाखवलं, "हीच सांगेल तिथं! चल गं, तू चल माझ्याबरोबर. तू साक्षीला आहेस."

काकूंनी पिशवी उचलली. ताई चटईवर बसली होती. मान तिरपी करून ती ऐकत तेवढी होती.

"काकू, थांबा," मोती म्हणाली. "तपासणाऱ्यांचं चुकलेलं नाही."

"म्हणजे?"

"मी चुकवलं. ताईनं दोन उत्तरं सांगितली होती. मी एक खोडलं, सगळ्या समीकरणांत. आणि तिला वाचून दाखवताना खोडलेलं सांगितलं नाही. एका तळ्याच्या गणितात तीही चुकली. पण तेही त्या दिवशी सकाळी मी हे सांगितलं म्हणून..."

"तळं माझं आहे," ताई मध्येच म्हणाली. "तेवढं सोड."

काकू मशीनच्या स्टुलावर बसल्या. पिशवी त्यांच्या मांडीवरच राहिली. त्यांनी मोतीकडे पाहिलं, मग तिच्या अंगावरच्या झग्याकडे, बाह्यांकडे, गळ्याच्या नीट बसलेल्या शिवणीकडे. मोतीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पळून जाणं सोपं होतं, जिना मागेच होता. ती उभी राहिली.

"म्हणजे हिला येत होतं?" काकूंनी विचारलं.

"येत होतं, काकू. सगळं येत होतं. मी लिहिलं नाही."

काकू उठल्या, ताईजवळ जाऊन बसल्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मोतीशी त्या बोलल्या नाहीत. नंतर बरेच दिवस बोलल्या नाहीत.

"मी पुढच्या खेपेला पुन्हा बसणार आहे," ताई म्हणाली. "दोन्ही पेपरांना."

मोतीनं ओठ ओले केले. "आणि लिहायला..."

ती थांबली. पुढचे शब्द तिच्या तोंडाशी आले होते, पण ते बोलण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे तिला कळेना. ताईनं वाट पाहिली. मोतीचं वाक्य तिनं पुरं केलं नाही.

"लिहायला कोण, ते मी ठरवीन," शेवटी ती म्हणाली. "अजून ठरवलेलं नाही."

"बरं," मोती म्हणाली, आणि जिना चढू लागली.